लेझर कटरवर पहिला जॉब लावण्याआधी

जळगावातल्या आमच्या सामाईक कार्यशाळेत नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे लोखंड कापतं का, भो?" नाही कापत. आमचं मशीन ६० वॉटचं, कार्बन डायऑक्साइड लेझरचं आहे. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली शीट), प्लाय, अ‍ॅक्रिलिक, पुठ्ठा, कागद, सुती कापड कापतं. लोखंडाला ते दाद देत नाही. या जातीचा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ज्यांनी शोधला ते चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. मग मशीन तेवढं परकं वाटत नाही.

दुसरा प्रश्न, शिकायला किती दिवस लागतात? चालवायला एक सकाळ पुरते. जपायला जरा जास्त लागतं, आणि हा लेख बराचसा त्यावरच आहे. धुळ्याकडे पांझरेकाठी फडाची बागायत आहे. तिथे पाणी कुणा एकाचं नसतं, पाळीने मिळतं, आणि ते सोडायला-वळवायला पाटकरी असतो. आम्ही तोच शब्द उचलला. ज्या महिन्यात ज्याच्याकडे देखभाल, तो त्या महिन्याचा पाटकरी. मशीनचं काही बिनसलं की आधी त्याला फोन करायचा, पाना-पक्कड त्यानंतर.

साहित्य आधी दाखवा

काय कापायचंय ते टेबलावर ठेवा आणि ते नक्की काय आहे हे सांगता आलं पाहिजे. "दुकानदार म्हणाला अ‍ॅक्रिलिक आहे" हे उत्तर चालत नाही.

कारण पीव्हीसी. जळगाव म्हणजे पाइपांचं आणि ठिबकचं गाव. इथे पीव्हीसीचे तुकडे भंगारात, गोठ्यात, गच्चीवर, कुठेही सापडतात आणि फुकटचं साहित्य म्हणून हमखास कार्यशाळेत येतात. लेझरखाली पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं. ते छातीत जातं, आणि मशीनच्या रेल, स्क्रू, आरसे सगळ्यांवर बसतं. एका जॉबने दुसऱ्या दिवशी रेलवर तांबूस गंज दिसतो.

पीव्हीसी स्वतःच्या नावाने येत नाही, ही खरी अडचण आहे. ते सनबोर्ड म्हणून येतं, फ्लेक्स म्हणून येतं, रेक्झिन म्हणून येतं, आणि आपण ज्याला रेडियम म्हणतो त्या स्टिकरच्या रोलमधूनही येतं. बोर्डवाल्या मित्रांनो, तुमच्या दुकानातला जवळजवळ अर्धा माल इथे बंद आहे, राग मानू नका.

शंका असेल तर तारेची परीक्षा करतो. मागच्या अंगणात जायचं, वारा पाठीशी घ्यायचा. तांब्याच्या जाड तारेचं टोक पकडीत धरून गॅसच्या बर्नरवर लाल करायचं, ज्योतीत रंग दिसेनासा होईपर्यंत. तापलेलं टोक त्या प्लास्टिकला टेकवायचं, थोडं चिकटू द्यायचं, आणि तार परत ज्योतीत धरायची. ज्योत पोपटी-हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे आणि तो तुकडा मशीनच्या खोलीत येणार नाही. एकदा एक काका पांढरीशुभ्र शीट घेऊन आले होते, अ‍ॅक्रिलिकच आहे म्हणून हट्टाला पेटलेले. तार हिरवी झाली तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त शीट सायकलला परत बांधली.

बाकीची यादी थोडक्यात. पॉलिकार्बोनेट काळं पडतं आणि कापलं जात नाही. एबीएस नावाचं प्लास्टिक वितळून घाण वास सोडतं. क्रोम लावून कमावलेलं कातडं नको. थर्माकोल भडकतो. २०१८च्या राज्यातल्या बंदीनंतर गणपतीच्या मखरासाठी लोक एमडीएफ आणि पुठ्ठ्याकडे वळले, त्यामुळे आता तो फारसा कुणी आणत नाही, पण घरात उरलेला एखादा तुकडा निघतोच. प्लाय आणणार असाल तर वॉटरप्रूफ किंवा मरीन नको, त्यातला डिंक लेझरला जुमानत नाही. दुकानदार एमडीएफऐवजी "त्याहून भारी" म्हणून हिरवट एचडीएचएमआर गळ्यात मारतात. फर्निचरला ते भारी असेल, इथे घट्टपणामुळे नुसतं कोळसा होतं. साधं ३ मिलिमीटर एमडीएफ मागा.

फाइल, आणि आपली देवनागरी

इंग्रजी अक्षरांवर शिकवलेले व्हिडिओ बघून आलेली मंडळी इथे अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं असेल तर मजकूर आधी कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदला. तुमचा श्रीलिपीचा फॉन्ट आमच्या कॉम्प्युटरवर नाही, इथे "शुभविवाह"च्या जागी भलतीच चिन्हं उमटतील. पण नुसते कर्व्ह करून भागत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षराच्या रेषेवर थोडी चढवतं. पडद्यावर ती सलग दिसते. लेझर मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो, म्हणजे जिथे रेषा एकमेकींवर चढल्यात तिथेही कापतो. कानबाई ही आमची खान्देशातली देवी. "कानबाई माता प्रसन्न" असं एकसंध पाहिजे असताना हातात क, काना, न असे सुटे तुकडे येतात. उपाय सोपा आहे: सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच कड होते, मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवून, बघा. शिरोरेषेच्या आत एकही आडवीतिडवी रेघ दिसता कामा नये.

मग अनुस्वार. तो वर तरंगत असतो, त्याला खालून कशाचाच आधार नाही. एका ताईंनी घराची पाटी कापली, "आनंद निवास". हौसेने उचलली तर "आनद निवास". टिंब शीटखालच्या मधपोळ्यासारख्या जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडलं होतं. राखेत बोटं घालून ते शोधलं आणि फेविक्विकने चिकटवलं, पण जरा डावीकडेच बसलं. तेव्हा अनुस्वार आणि कशालाच चिकटून नसलेला रफार यांना मिलिमीटरभर रुंदीचा पूल देऊन शिरोरेषेशी जोडा, नाहीतर अक्षरांमागे पट्टी घ्या. स्टेन्सिल करणार असाल तर उलटी गंमत होते. व, ब, ष यांच्या पोटातला भाग सुटून पडतो, तिथेही पूल लागतो.

मखराचे किंवा डब्याचे खाचे करणार असाल तर व्हर्नियरने शीट मोजा. ३ मिलिमीटर म्हणून विकलेलं एमडीएफ २.७ भरतं, कधी ३.१. शिवाय किरण स्वतः साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर साहित्य खातो. आधी दोन खाचांचा एक छोटा तुकडा कापून बसवून बघा, मग पूर्ण मखर.

क्रम असा लावा: आधी कोरीवकाम, मग आतली भोकं, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा सुटतो, कणभर सरकतो, आणि भोकं तिरकी पडतात.

चालू करताना

स्टॅबिलायझर. चिलर. धूर बाहेर ओढणारा एक्झॉस्ट. हवेचा पंप. मशीन शेवटी. हा क्रम पाठ करा, भिंतीवरही लिहिलाय.

आता चिलर, म्हणजे ट्यूबसाठी पाणी थंड करून फिरवणारं यंत्र, कारण खान्देशात या मशीनचा जीव चिलरमध्ये आहे. लेझरची ट्यूब ही काचेची लांब नळी आहे, आतल्या वायूतून हजारो व्होल्टचा दाब जातो, आणि ती सतत पाण्याने थंड ठेवावी लागते. पाणी १८ ते २५ अंशांत असलं की ती खुश असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५वर जातो हे तुम्हाला सांगायला नको.

सुरुवातीला आमच्याकडे सीडब्ल्यू-३००० जातीचा स्वस्त चिलर होता. नाव चिलर, पण आत कॉम्प्रेसर नाही. ते नुसतं रेडिएटर आणि पंखा. खोलीत जेवढं तापमान, त्याच्या खाली ते पाणी कधीच नेऊ शकत नाही. एका मे महिन्याच्या दुपारी मी लग्नपत्रिकांचा जॉब घेऊन बसलो होतो. चिलरवर ४१ दिसत होतं. कट आरपार जाईना. तापलेली ट्यूब कमी ताकद देते, हे मला माहीत होतं आणि तरीही मी पॉवर ७०, मग ८०, मग ९५ टक्के केली. पत्रिका झाल्या. त्या पावसाळ्यात ट्यूब गेली, तिचं निम्मंही आयुष्य झालं नव्हतं. पैसे सगळ्यांच्या वर्गणीतून गेले. चिलरच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं "२८ला थांबा" माझ्याच हातचं आहे.

आता कॉम्प्रेसरचा चिलर आहे. तरी एप्रिल-मेमध्ये मोठे जॉब सकाळी ६ ते ११ या वेळातच. दुपारी तो बिचारा नुसता धापा टाकतो.

पावसाळ्यात गोष्ट उलटते. आषाढ-श्रावणात हवा दमट असते, आणि पाणी फार थंड ठेवलं तर ट्यूबवर दव धरतं, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसं. त्या दवातून उच्च दाबाची ठिणगी उडते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही २० लावतो आणि पावसाळ्यात २५. हा बदल पाटकऱ्याने करायचा, तुम्ही फक्त आकडा बघायचा.

पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरी खपली धरते, तीच ट्यूबमध्ये धरेल, शिवाय क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते. डिस्टिल्ड किंवा बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं ते पाणी. पाणी फिरायला लागल्यावर ट्यूबच्या खिडकीतून एकदा डोकावून बघा. मोठा बुडबुडा एका जागी अडकून बसला असेल तर जॉब लावू नका. बुडबुड्याच्या जागी काच कोरडी राहते, तापते आणि तडकते.

लाइट गेली तर घाबरू नका, झाकणही लगेच उघडू नका. तुकडा हलवू नका. लाइट आली की पुन्हा तोच क्रम, आणि मशीन स्वतःच्या कोपऱ्यात जाऊन शून्य शोधेल. कापणीच्या मधून जॉब पुढे नेणं नवख्याने करू नये, बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटर फरक पडतोच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी घालणं हेही देखभालीतच येतं, आणि ते कुणालाही करता येतं.

फोकस आणि पहिला चौकोन

झाकण उघडा, बेडवर कुणाची पक्कड किंवा उरलेला तुकडा राहिलेला नाही ना बघा, मग शीट ठेवा. पावसाळ्यात एमडीएफ पापडासारखं वाकतं. चारही कोपऱ्यांवर चुंबक ठेवून ते बसवा, पण चुंबक मशीनच्या डोक्याच्या, म्हणजे किरण सोडत फिरणाऱ्या भागाच्या, वाटेत येऊ देऊ नका. डोकं चुंबकाला धडकल्याचा आवाज एकदा ऐकलात की विसरत नाही.

नोझलच्या, म्हणजे डोक्याच्या खालच्या टोकाच्या, खाली माप-ठोकळा सरकवा. आमच्या मशीनला नोझल आणि शीट यांत ६ मिलिमीटर लागतात. ठोकळा अडकूही नये आणि सैलही सरकू नये. हे चुकलं तर किरण जाड होतो, कड जळते, आणि मग माणूस पॉवर वाढवत बसतो. माझ्या अनुभवात "मशीन कापत नाही" अशा तक्रारींत निम्म्या फोकसच्या निघतात, उरलेल्यांत लेन्स.

दिसणारा लाल ठिपका म्हणजे लेझर नव्हे, तो नुसता दाखवायला आहे. खरा किरण १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. झाकणाची खिडकी त्याला अडवते, म्हणून झाकणाच्या स्विचला टेप लावून फसवणाऱ्याचं कार्ड आम्ही त्याच दिवशी परत घेतो.

फ्रेमचं बटण दाबून डोकं जॉबच्या कडेने फिरवून बघा. मग शीटच्या कोपऱ्यात १० मिलिमीटरचा चौकोन कापा. आमच्या मशीनवर ३ मिलिमीटर एमडीएफला सेकंदाला १५ मिलिमीटर आणि ६० टक्के पॉवर, ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकला १२ आणि ६०, साध्या पुठ्ठ्याला ४० आणि २५, इथून सुरुवात करा. चौकोन आपोआप खाली पडला पाहिजे. नाही पडला तर वेग कमी करा. पॉवर ८०च्या वर न्यायची नाही. का, ते वर लिहिलंय.

अ‍ॅक्रिलिकवर कागद चिकटवलेला असेल तर राहू द्या, धुराचे डाग त्यावर बसतात. प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर काढून टाका, तो वितळून कडेला चिकटतो.

चालू असताना समोर राहा

समोर म्हणजे मशीनसमोर. फोन हातात घेऊन दारात उभं राहणं यात धरलं जात नाही.

पुठ्ठ्याचा जॉब होता, चार मिनिटांचा. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, मी कटिंग घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा खिडकीतून नारिंगी उजेड लखलखत होता. नळीदार पुठ्ठा आतून धुमसतो, डोकं पुढे गेलं तरी मागे आग राहते. खालच्या ट्रेमध्ये आधीच्या आठवड्याचे तुकडे होते, त्यांनी पेट घ्यायला सुरुवात केली होती. वाचलो, पण जाळीच्या एका कोपऱ्यावरचा काळा डाग अजून आहे.

कापताना किरणाखाली बारीक ज्योत नाचते आणि डोकं सरकलं की विझते, ते चालतं. डोकं पुढे गेल्यावर मागे राहते ती आग. तेव्हा लाल बटण. मग हवेचा पंप आणि एक्झॉस्ट बंद, दोन्ही आगीला वारा घालतात. ज्योत बोटभर असेल तर झाकण उघडून ओल्या फडक्याने दाबा, फडकं आणि बादली मशीनच्या डाव्या पायाशी असते. मोठी असेल तर झाकण बंदच ठेवा, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर वापरा. पावडरचं सिलिंडर दाराशी आहे, ते शेवटचा उपाय. आग विझेल पण पावडर आरशांत आणि बेअरिंगमध्ये शिरली की मशीनही गेलंच. तेवढ्याने आटोक्यात येत नसेल तर मेन स्विच पाडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ लावा. मशीन नवीन घेता येतं.

मे महिन्यात पश्चिमेचा तापलेला वारा एक्झॉस्टच्या तोंडात शिरून धूर परत खोलीत ढकलतो. डोळे चुरचुरायला लागले तर जॉब थांबवा. "पाचच मिनिटं उरलीत" म्हणून बसू नका.

लेन्स

नोझलच्या वर एक गोल, पिवळसर काच आहे, रुपयाच्या नाण्याहून लहान. ती काच नाहीच, झिंक सेलेनाइड आहे. धुराचा एक डाग तिच्यावर बसला की तो किरण शोषतो, तापतो आणि लेन्सला तडा देतो.

रोज पहिल्या जॉबआधी काढून बघायची. हात धुतलेले, मशीन बंद, लेन्स गार झालेली. कड धरून उचला, खिडकीच्या उजेडात तिरकी करा. डाग दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब आणि लेन्सचा कागद. कागद लेन्सवर ठेवून एका दिशेला ओढा, घासू नका. रुमाल नाही, सदऱ्याचं टोक नाही, चष्म्याचं फडकं नाही, मेडिकलमधलं स्पिरिटही नाही, त्याने पापुद्रा राहतो.

बसवताना फुगीर बाजू वर. हे लिहायचं कारण असं की एका शनिवारी कुणीतरी ती उलटी बसवून गेलं आणि मशीनच्या नोंदवहीत काहीच लिहिलं नाही. पुढचे दोन दिवस प्रत्येक जण कट जात नाही म्हणून वेग कमी करत राहिला. कुणी केलं ते आजवर कळलं नाही, आणि मला कळायचंही नाही. त्याने वहीत एक ओळ लिहिली असती तर तीन शीटा वाचल्या असत्या.

लेन्स फुटली तर हाताने गोळा करू नका, फुंकरही मारू नका. तिची पूड विषारी आहे. हातमोजे, ओला टिश्यू, बंद पिशवी, आणि मग पाटकरी. फुटल्याबद्दल इथे कुणी ओरडत नाही, निदान आता नाही.

आरसे तीन आहेत. ते पुसायचे किंवा त्यांचे स्क्रू फिरवायचे काम तुमचं नाही. एक स्क्रू पाव फेरा फिरला की पाटकऱ्याची संध्याकाळ जाते.

आठवड्याचं काम

शुक्रवारी संध्याकाळी दोघं जण लागतात. ट्रे रोज रिकामा करायचाच, शुक्रवारी तो घासून पुसायचा. रेल कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा नुसता हात फिरवायचा, ओघळ दिसला तर जास्त झालं. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम लागला की हवेत कापसाचं तूस तरंगतं आणि तेलकट रेलवर त्याचा वाती वळल्यासारखा थर बसतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा. एक्झॉस्टच्या पंख्यावर एमडीएफच्या धुराची डांबरट खीर जमते. पाती जड झाली की पंखा थरथरतो आणि धूर ओढत नाही. मेन बंद करून जुन्या सुरीने खरवडायची. सगळ्यात घाण काम आहे, नवख्यांकडे येतं, मीही केलंय.

पाळी आणि बंद करणं

कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्याआधीचा आठवडा आणि गणपतीआधीचे पंधरा दिवस मशीन रिकामं मिळत नाही. त्या काळात एकाला सलग २ तास, मग पुढचा. तुमची फाइल वेल्ड झालेली नसेल आणि ती दुरुस्त करण्यात तासभर गेला, तर तो तास तुमच्याच पाळीतला.

काम संपलं की मशीन बंद, पण चिलर आणि एक्झॉस्ट आणखी पाच मिनिटं चालू. तेवढ्यात तुकडे उचला, ट्रे रिकामा करा, जाळीवर अडकलेली टिंबं काढा. मग चिलर, एक्झॉस्ट, पंप, शेवटी स्टॅबिलायझर. आणि वही. तारीख, साहित्य, वेग, पॉवर, चिलरचा आकडा, आणि काही वेगळं दिसलं असेल तर ते. परवाची नोंद अशी होती: "३ एमएम अ‍ॅक्रिलिक, १२/६०, पाणी २४. डाव्या कोपऱ्यात कट जात नाही, मध्ये जातो. लेन्स स्वच्छ आहे. मी कशाला हात लावला नाही." पाटकऱ्याने खाली लिहिलं होतं: "दुसरा आरसा हलला होता. झालं."